शनिवारी मऊ, सोमवारी टणक

ॲल्युमिनियमच्या भांड्याला आपल्याकडे अजूनही अनेक घरांत ‘जर्मनचं भांडं’ म्हणतात. हे भांडं हातातून पडलं की पोचा आलाच. धातू वजनाला हलका, पण अंगात जोर नाही. हा जोर त्यात आणला तो योगायोगाने एका जर्मन माणसानेच. त्याचं नाव आल्फ्रेड विल्म.

विल्मचा जन्म १८६९चा, सायलेशियातला. १९०१पासून तो बर्लिनजवळच्या नॉयबाबेल्सबर्ग येथील संशोधन केंद्रात धातूंवर काम करत होता. लष्कराला काडतुसांच्या पितळेला हलका पर्याय हवा होता. पोलाद लाल तापवून पाण्यात बुडवलं की कडक होतं, हे लोहारालाही ठाऊक असतं. तसंच ॲल्युमिनियमचं करता येईल, असा विल्मचा होरा होता. त्याने ॲल्युमिनियममध्ये सुमारे ४ टक्के तांबं आणि अर्धा टक्का मॅग्नेशियम मिसळलं, पत्रा ५०० अंशांच्या वर तापवला आणि झटकन थंड केला. पत्रा मऊच राहिला.

ही १९०६ सालची गोष्ट. त्या शनिवारी दुपार होत आली होती. सहायक याब्लोन्स्कीने घाईघाईने कडकपणाची एक-दोन मापं घेतली आणि उरलेलं काम सोमवारवर टाकलं. सोमवारी तोच तुकडा मोजला तर कितीतरी कडक! मधल्या दीड-दोन दिवसांत त्याला कोणी हात लावलेला नव्हता. एखाद्या रुग्णाचा अहवाल अचानक भलताच आला की आधी यंत्र तपासतात, तसंच इथेही झालं. यंत्र ठीक होतं. मग विल्मने पुन्हा पुन्हा मापं घेतली. नुसतं पडून राहिल्याने धातू चार-पाच दिवस कडक होत जातो, हे सिद्ध झालं. सुट्टीच्या आधी काम अर्धवट टाकण्याचा इतका फायदा क्वचितच कोणाला झाला असेल.

१९०९मध्ये पेटंट झालं. ड्यूरेन गावच्या कारखान्याने उत्पादन सुरू केलं, त्यावरून नाव पडलं ड्युरॅल्युमिन. पहिल्या महायुद्धातल्या झेपेलिन हवाई जहाजांचे सांगाडे याच धातूचे होते. १९१९मध्ये युंकर्स एफ-१३ हे संपूर्ण धातूचं प्रवासी विमान उडालं, तेही याच्याच बळावर. वैद्यकालाही लाभ झाला. १९१३मध्ये विमान अपघातात पाय गमावलेल्या मार्सेल डसूटर या ब्रिटिश वैमानिकासाठी त्याच्या भावाने ड्युरॅल्युमिनचा कृत्रिम पाय बनवला. लाकडी पायाचं ओझं वाहणाऱ्यांसाठी ही मोठीच सुटका होती.

विल्म मात्र १९१९मध्ये या क्षेत्रातून बाहेर पडला आणि सायलेशियात शेती करू लागला.

धातूचं दुखणं पुढे उघड झालं. शुद्ध ॲल्युमिनियमवर हवेने ऑक्साइडचा पातळ थर बसतो. ओरखडा पडला तर तो जखमेवरच्या खपलीसारखा पुन्हा धरतो. ड्युरॅल्युमिनमध्ये जे तांबं ताकद देतं, तेच घात करतं. धातूच्या सूक्ष्म कणांच्या सीमेवर तांबं गोळा झालं की शेजारचा भाग तांब्यावाचून राहतो. तिथे खारं पाणी पोचलं की इवलीशी विद्युतघटमाला तयार होते आणि तो भाग विरघळू लागतो. पत्रा वरून धडधाकट दिसतो, आत मात्र कण कणापासून सुटत जातो. समुद्रावरून उडणाऱ्या विमानात हे किती धोक्याचं, ते सांगायला नको.

उपाय १९२०च्या दशकात निघाले. १९२३मध्ये ब्रिटनमध्ये बेंगो आणि स्टुअर्ट यांनी क्रोमिक आम्लात वीज सोडून ऑक्साइडचा थर जाड करण्याची रीत काढली. १९२७च्या सुमारास अमेरिकेत अल्कोआ कंपनीच्या एडगर डिक्सने ड्युरॅल्युमिनच्या दोन्ही बाजूंना शुद्ध ॲल्युमिनियमचं पातळ अस्तर चढवलं. अस्तर फाटलं तरी आधी तेच झिजतं, आतला पत्रा वाचतो. म्हणजे बळ मिश्रधातूचं, संरक्षण त्या मऊ ‘जर्मन’चं. अस्तराचे पत्रे विमानांत आजही वापरतात.

धातू आपोआप कडक होण्याचा गुण कारखान्यात अडचणीचाही ठरे. ताजे थंड केलेले रिव्हेट ठोकण्याआधीच कडक होऊन बसत, म्हणून ते बर्फाच्या पेटीत ठेवत. थंडीत ही क्रिया मंदावते.

पण क्रिया नेमकी कसली? अमेरिकेतल्या मेरिका आणि सहकाऱ्यांनी १९१९मध्ये तर्क मांडला. गरम पाकात जास्त साखर विरघळते आणि निवल्यावर तिचे खडे धरतात, तसं झटकन थंड केल्यावर धातूत अडकलेलं तांबं हळूहळू गोळा होतं आणि अणूंच्या थरांना एकमेकांवरून घसरू देत नाही. तांब्याचे ते पुंजके इतके बारीक, की सूक्ष्मदर्शकाखाली काहीच दिसेना.

६ ऑगस्ट १९३७ रोजी विल्म वारला. फ्रान्समधल्या गिन्ये आणि ब्रिटनमधल्या प्रेस्टन यांनी स्वतंत्रपणे काम करून ते पुंजके क्ष-किरणांनी दाखवून दिले, ते त्याच्या पुढच्याच वर्षी.