पाचगणीचा बुल्सारा

पाचगणीला माणसे जातात ती टेबललँडसाठी, स्ट्रॉबेरीसाठी, नाहीतर पोरांना वसतिगृहात सोडण्यासाठी. गेल्या पंचवीस-तीस वर्षांत त्यात आणखी एका तऱ्हेच्या प्रवाशांची भर पडली आहे. ही मंडळी घोड्यावर बसत नाहीत, जामच्या बाटल्या घेत नाहीत. सेंट पीटर्स शाळेचे फाटक कुठे ते विचारतात आणि तिथे जाऊन नुसती उभी राहतात. आमच्या पनवेलच्या एस.टी. स्टँडवर महाबळेश्वरच्या गाडीची वाट बघणारे असे एक तरुण जोडपे मला भेटले होते. दोघांच्याही टी-शर्टवर मूठ उंचावलेल्या मिशीवाल्या माणसाचे चित्र. मी एके काळी वाईला बँकेत अधिकारी होतो आणि कामानिमित्त पाचगणीला वरचेवर जात असे, एवढे कळल्यावर त्या मुलीने माझ्याकडे असे पाहिले, की जणू मी पंढरपुरात राहून आलेला माणूस.

मिशीवाला म्हणजे फ्रेडी मर्क्युरी. ज्या वाचकांचे गाणे भीमसेन आणि बाबूजींपाशी सुरू होऊन तिथेच सुखाने संपते, त्यांच्यासाठी सांगायचे तर ‘क्वीन’ या ब्रिटिश रॉक वाद्यवृंदाचा हा गायक. निम्मे जग त्याच्यासाठी वेडे झाले होते. पण त्याचे बालपण गेले सह्याद्रीच्या माथ्यावर, सातारा जिल्ह्यात.

त्याचे मूळ नाव फारोख बुल्सारा. जन्म ५ सप्टेंबर १९४६ चा, झांझिबारचा. बुल्सारा म्हणजे बुलसारचा, आजच्या वलसाडचा. आडनावाची गंमत अशी, की पनवेलकर पनवेलात क्वचितच सापडतात. गाव सुटल्यावरच ते आडनावात जाऊन बसते. या पारशी कुटुंबाचेही बुलसार केव्हाच सुटले होते. वडील बोमी ब्रिटिश सरकारच्या नोकरीत, झांझिबारच्या हायकोर्टात कॅशियर. मी आयुष्यभर कॅशियर पाहिले आहेत. दिवसभर दुसऱ्याचे पैसे मोजणारा माणूस स्वतःचा पैसा फार विचार करून बाहेर काढतो. बोमी आणि जेर बुल्सारांनी तो मुलाच्या शिक्षणावर काढला. आठ वर्षांच्या पोराला त्यांनी बोटीने मुंबईला आणि तिथून पाचगणीला पाठवले.

पाचगणीच का? एकतर इंग्रजी वळणाच्या निवासी शाळा. दुसरे म्हणजे पारशांचा या गावाशी जुना घरोबा. जॉन चेसन नावाच्या साहेबाने एकोणिसाव्या शतकात हे गाव वसवले, चांदीसारख्या पानांचे सिल्व्हर ओक लावले, आणि मुंबईच्या धनिकांनी तिथे बंगले बांधले. हवा कोरडी आणि थंड, म्हणून क्षयाचे रोगी येऊ लागले. डॉ. रुस्तमजी बिलिमोरियांनी १९१२ मध्ये बेल-एअर हे क्षयरोग्यांचे आरोग्यधाम काढले. एकाच डोंगरावर इकडे खोकणारी माणसे आणि तिकडे प्रार्थना म्हणणारी पोरे, असे ते गाव होते. आज वरून धोम धरणाचे निळे पाणी दिसते आणि चाहते त्याचे फोटो काढतात. फारोखच्या वेळी ते पाणी नव्हते, खाली नुसते कृष्णेचे खोरे आणि शेते होती.

आठ वर्षांचे पोर आणि घर समुद्रापलीकडे. सुट्टी लहान असली तर मुंबईच्या नातेवाइकांकडे जायचे. वसतिगृहात राहिलेल्यांना त्या वयातली पहिली रात्र सांगायला नको. त्यातून वरच्या जबड्यात मागे चार दात जादा, त्यामुळे पुढचे दात बाहेर आलेले. पोरांनी ‘बकी’ हे नाव ठेवले. पोरे अशा बाबतीत निर्दय असतात. दुसरे नाव मात्र प्रेमाने पडले, फ्रेडी. ते त्याने जन्मभर वापरले. म्हणजे जगाला माहीत असलेल्या त्या नावाचा पहिला अर्धा भाग पाचगणीचा आहे.

पोरगा रडत बसला नाही. मुष्टियुद्ध खेळला, टेबल टेनिसमध्ये शाळेच्या लहान गटाचा विजेता झाला, १९५८ मध्ये लहान गटातल्या अष्टपैलू विद्यार्थ्याचा करंडक मिळवला. नाटकात कामे केली, प्रार्थनेच्या गायकवृंदात उभा राहिला. या सगळ्यात मला महत्त्वाचे वाटते ते एक पत्र. मुलाला गाण्याचे अंग आहे, थोडी जादा फी भरलीत तर त्याला पियानो नीट शिकवता येईल, असे मुख्याध्यापकांनी झांझिबारला लिहून कळवले. कॅशियरने ती फी भरली. फ्रेडी पियानोच्या चौथ्या इयत्तेपर्यंत पोहोचला, लेखी आणि प्रात्यक्षिक दोन्हींत. रॉक संगीताच्या इतिहासात करोडोंचे करार आहेत, पण त्या जादा फीइतकी फळलेली गुंतवणूक मला तरी ठाऊक नाही.

१९५८ च्या सुमारास पाच पोरांनी मिळून ‘द हेक्टिक्स’ नावाचा वाद्यवृंद काढला. त्यांचा एक फोटो उपलब्ध आहे, पांढरे सदरे, बारीक काळे टाय, तेल लावून वर वळवलेले केस. डेरिक ब्रांच गिटारवर. तो पुढे इंग्लंडमध्ये नट झाला. ड्रमवर व्हिक्टरी राणा. तो नेपाळच्या सैन्यात जनरल झाला आणि सायप्रसमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेचा प्रमुख होता. फारंग इराणीच्या हातात चहाचे रिकामे खोके, त्याला एक काठी आणि काठीपासून खोक्यापर्यंत ताणलेली एक दोरी. आपल्या तुणतुण्याचा थोरला भाऊच म्हणायचा! पियानोवर फ्रेडी. लिटल रिचर्ड, क्लिफ रिचर्ड यांची गाणी ही पोरे शाळेच्या समारंभांत वाजवत आणि शेजारच्या मुलींच्या शाळेतून आलेल्या श्रोत्या किंचाळत.

आणि गात कोण होता? ब्रूस मरे. फ्रेडी नव्हे.

चाहत्यांच्या आठवणींच्या गर्दीत ही गोष्ट बाजूला पडते. ज्याच्याइतका रंगमंच भरून टाकणारा गायक क्वचितच झाला, तो आपल्या पहिल्या वाद्यवृंदात मागे, पियानोपाशी बसलेला होता. त्याच्या सोबत्यांनी पुढे जे सांगितले त्यात लाजराबुजरा, हसताना ओठ दातांवर ओढून घेणारा मुलगाच दिसतो. रेडिओवर एकदा ऐकलेले गाणे तो तसेच्या तसे पियानोवर काढी, हे मात्र सगळे सांगतात. लतादीदींच्या गाण्याचा त्याच्यावर संस्कार होता, असेही बऱ्याच लेखांत छापून येते. मराठी माणसाला ते वाचून बरे वाटते, मलाही वाटले. पण त्याचे गाणे ऐकताना मला त्याची खूण सापडलेली नाही, आणि ओढूनताणून ती काढू नये असे माझे मत आहे. पाचगणीने त्याला राग दिला नाही, ठेका दिला नाही. इंग्रजी प्रार्थना, रेडिओ आणि चहाचे खोके दिले.

१९६३ मध्ये तो झांझिबारला परतला. पुढच्याच जानेवारीत तिथे क्रांती झाली, रक्तपात झाला, आणि बुल्सारा कुटुंब थोड्याफार सामानानिशी लंडनजवळ फेल्टमला आले. घर मिळते न मिळते तोच पुन्हा सुटले. ईलिंगच्या कला महाविद्यालयात त्याने ग्राफिक कला आणि डिझाइनची पदविका घेतली, विमानतळावर सामान उचलले, केन्सिंग्टनच्या बाजारात जुने कपडे विकले. १९७० मध्ये ‘क्वीन’ उभे राहिले आणि बुल्साराचा मर्क्युरी झाला. वलसाड आडनावातूनही गेले. १९७५ मध्ये ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ इंग्लंडमध्ये नऊ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिले. पुढचे सगळे पुस्तकांत आहे आणि २०१८ च्या चित्रपटात आहे. त्या चित्रपटाला लंडनची घाई फार. पाचगणी त्यात जवळजवळ नाहीच.

चित्रपटवाल्यांना तरी काय बोल लावायचा? फ्रेडी स्वतःच या वर्षांबद्दल जाहीरपणे फारसे बोलत नसे. भारतात त्याचा कार्यक्रम कधी झाला नाही. पण १३ जुलै १९८५ ला लंडनच्या वेम्बली मैदानावर, इथिओपियाच्या दुष्काळग्रस्तांसाठी झालेल्या कार्यक्रमात, तो धावत आला आणि पहिल्यांदा बसला तो पियानोपाशी. दोनएक मिनिटे वाजवून मग उठला आणि वीस मिनिटांत सत्तर हजारांवर माणसे त्याने हातावर नाचवली. त्याचे चित्रण पाहताना मला ते उठणे फार मोठे वाटते. हेक्टिक्समध्ये तो उठला नव्हता.

२३ नोव्हेंबर १९९१ ला आपल्याला एड्स झाल्याचे त्याने जाहीर केले आणि दुसऱ्या दिवशी तो गेला. पंचेचाळीस वर्षांचा होता. पारशी दस्तुरांनी प्रार्थना म्हटल्या, दहन झाले. त्याच्या अस्थी कुठे आहेत ते चाहत्यांना सांगितलेले नाही, समाधी नाही. स्वित्झर्लंडमध्ये माँत्रोला तळ्याकाठी पुतळा आहे, पण पुतळ्यापाशी माणूस मोठा झालेला असतो. लहान फ्रेडी हवा असेल तर पसरणीचा घाट चढावा लागतो. फाटकापाशी उभ्या राहणाऱ्यांचे मला म्हणूनच हसू येत नाही.

तो गेला तेव्हा मी वाईच्या शाखेत होतो. मी वाचत असे त्या पेपरात चार ओळी आल्या, त्यात पाचगणी नव्हती. बँकेत कुणाला हे नाव ठाऊक नव्हते. आजार मात्र ऐकून ठाऊक होता, आणि त्याचे नाव घ्यायचे नाही हेही ठाऊक होते. पूर्वी क्षयाचे असेच असे. घरातला माणूस पाचगणीला हवापालटाला गेला आहे एवढेच सांगत, विचारणाराही पुढे विचारत नसे. फ्रेडीने आजार शेवटच्या दिवसापर्यंत झाकला म्हणून त्याला दोष देणारे लिहून गेले आहेत. मला ते पटत नाही. ज्या गावात तो वाढला तिथे अर्धे बंगले त्यासाठीच बांधलेले होते. आयुष्य लांबवणारी एकत्रित औषधे १९९६ च्या सुमारास आली. आपल्या सरकारने ती मोफत द्यायला सुरुवात केली २००४ मध्ये.

डॉ. बिलिमोरियांच्या त्या बेल-एअरमध्ये नंतरच्या काळात एचआयव्हीच्या रुग्णांना घेऊ लागले. साताऱ्या-सांगलीकडे तेव्हा या आजाराने गावेच्या गावे पोखरली होती. दुसऱ्यांदा वाईला बदली झाली, त्या काळात एक बाई मृत नवऱ्याच्या ठेवीची रक्कम काढायला आली. नवरा ट्रकवर होता, इकडे आमच्या कळंबोलीच्या स्टील मार्केटात माल घेऊन यायचा. दाखल्यावर मृत्यूचे कारण ‘ताप’ लिहिले होते. कागद पुरे होते, मी सही केली. बाईने नोटा दोनदा मोजल्या, पदराच्या गाठीत बांधल्या आणि पाचगणीची गाडी किती वाजता आहे ते हळूच विचारले.