कागद कुणाच्या नावावर?

गेल्या महिन्यात न्यू जर्सीहून मुलाचा फोन आला. येत्या एप्रिलमध्ये आम्हा दोघांना तिकडे बोलवायचे आणि सगळ्यांनी मिळून फ्लोरिडात ऑरलँडोजवळच्या डिस्ने वर्ल्डला जायचे, असा त्याचा बेत आहे. बेत पक्का होता. अडले होते राहण्याच्या जागेवर. तिथे राहायचे दोन मार्ग आहेत. एक म्हणजे कंपनीच्या हॉटेलातली खोली सरळ कंपनीकडून घ्यायची. दुसरा थोडा आडवळणाचा. कंपनीच्या टाइमशेअर योजनेत हजारो कुटुंबांनी पैसे गुंतवले आहेत. त्यांना दरवर्षी ठराविक पॉइंट्स मिळतात आणि त्या पॉइंट्सवर राहायला मिळते. ज्याला त्या वर्षी जायचे नसते तो आपले पॉइंट्स दुसऱ्याला भाड्याने देतो. या दुसऱ्या मार्गाने तीच जागा पुष्कळदा एक तृतीयांशाने, कधी निम्म्यानेही स्वस्त पडते. मुलाचे म्हणणे असे की, बाबा, तुमची उभी हयात बँकेत गेली, तेव्हा काय करायचे ते तुम्ही सांगा. मी दोन दिवसांची मुदत मागून घेतली.

टाइमशेअर हा शब्द आपल्याला नवा नाही. नव्वदच्या दशकात हॉटेलात चहाला बोलावून, भेटवस्तूचे आमिष दाखवून महाबळेश्वरचा किंवा गोव्याचा वर्षातला एक आठवडा विकणारे टायवाले तरुण अनेकांना आठवत असतील. पण त्या दोन दिवसांत मी आकडेमोड करण्याऐवजी ज्याचे नाव त्या साऱ्या पसाऱ्यावर आहे, त्या माणसाचे चरित्र काढून बसलो. वॉल्ट डिस्ने १९६६ साली वारला. पॉइंट्सची योजना त्यानंतर पंचवीस वर्षांनी आली. तिच्याशी त्याचा काडीचा संबंध नाही. तरी कर्जाची फाईल वाचावी तसे त्याचे आयुष्य मी पुन्हा वाचले, आणि बँकेत पस्तीस वर्षे जो प्रश्न मी समोरच्याला पहिल्यांदा विचारीत आलो, तोच पानोपानी समोर येत राहिला. कागद कुणाच्या नावावर आहे?

वॉल्टचा जन्म ५ डिसेंबर १९०१ रोजी शिकागोत झाला. वडील इलायस कष्टाळू, कडक आणि धंद्यात कायम अपयशी. मिसुरी राज्यातल्या मार्सेलिन गावची शेती विकून १९११ मध्ये हे कुटुंब कॅन्सस सिटीत आले आणि इलायसने वर्तमानपत्र टाकण्याची लाईन विकत घेतली. वृत्तपत्राच्या लेखी ती लाईन वॉल्टहून मोठा मुलगा रॉय याच्या नावावर होती, कारण पन्नाशी ओलांडलेला बाप त्यांना या कामासाठी वयस्क वाटला. पहाटे उठून गुडघाभर बर्फातून अंक टाकायचा तो नऊ-दहा वर्षांचा वॉल्ट. त्याला या कामाची मजुरी मिळत नसे. नाव एकाचे, पैसे दुसऱ्याचे, पाय तिसऱ्याचे. पुढे कित्येक वर्षे आपण अंक टाकायचे एखादे घर विसरलो आहोत, अशी स्वप्ने त्याला पडत असत.

पहिले महायुद्ध संपता संपता तो रेडक्रॉसचा ड्रायव्हर म्हणून फ्रान्सला जाऊन आला. परतल्यावर कॅन्सस सिटीत त्याने व्यंगचित्रपटांची कंपनी काढली आणि १९२३ मध्ये तिचे दिवाळे निघाले. त्याच वर्षी तो हॉलिवूडला गेला. तिथे रॉय होता. हिशेब रॉयने पाहायचा आणि कल्पना वॉल्टने लढवायच्या, ही दोघा भावांची वाटणी तेव्हापासून सुरू झाली.

१९२७ मध्ये त्यांनी ऑस्वाल्ड नावाचा एक ससा काढला. चार्ल्स मिंट्झ या वितरकामार्फत ही चित्रमालिका युनिव्हर्सल कंपनीकडे जात असे. ससा चांगलाच चालला. १९२८ च्या प्रारंभी दर वाढवून मागायला वॉल्ट न्यूयॉर्कला गेला, तेव्हा मिंट्झने वाढ तर सोडाच, उलट कमी पैशांत काम करण्याची अट घातली. त्याच्याकडच्या बहुतेक चित्रकारांना मिंट्झने आधीच फोडले होते. वॉल्टने करार काढून पाहिला. ऑस्वाल्डवर त्याचा हक्क नव्हता. ससा युनिव्हर्सलच्या मालकीचा होता. त्याला हालवणारा, नावारूपाला आणणारा माणूस त्या घरात फक्त राहत होता. घर दुसऱ्याचे होते.

पुढची गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे. ससा गेला आणि उंदीर आला. १८ नोव्हेंबर १९२८ रोजी मिकी माऊसचा बोलपट न्यूयॉर्कमध्ये झळकला, आणि या खेपेला मालकीचा कागद डिस्ने बंधूंच्या नावावर होता. ऑस्वाल्ड कंपनीकडे परत आला तो २००६ मध्ये, म्हणजे अठ्ठ्याहत्तर वर्षांनी. आणि त्याच्या मोबदल्यात दूरदर्शनवरचा एक नामवंत क्रीडा समालोचक दुसऱ्या बाजूला द्यावा लागला.

मालकीचा हा धडा शिकलेला माणूस कर्जाला मात्र भीत नव्हता. 'स्नो व्हाइट' या पूर्ण लांबीच्या रंगीत व्यंगचित्रपटासाठी त्याने बँक ऑफ अमेरिकेकडून कर्जावर कर्ज उचलले. खर्च पंधरा लाख डॉलरच्या घरात गेला. चित्र पुरे होण्याआधी बँकेचा अधिकारी अर्धवट रिळे पाहायला स्टुडिओत येऊन बसला होता, हे वाचताना माझ्यातला माजी अधिकारी सावरून बसला. तारण म्हणून अर्धा रंगवलेला सिनेमा! मी असतो तर प्रस्ताव वर पाठवला असता की नाही, सांगवत नाही. डिसेंबर १९३७ मध्ये चित्रपट प्रदर्शित झाला आणि कर्ज फिटले. मग महायुद्धाने युरोपची बाजारपेठ बंद केली, १९४१ मध्ये स्टुडिओत संप झाला, आणि खाते पुन्हा लाल शाईत गेले.

पन्नाशीला आलेल्या या माणसाच्या डोक्यात मग उद्यानाचे वेड शिरले. भाऊ रॉय साशंक होता. वॉल्टने आपल्या आयुर्विम्यावर कर्ज काढले, पाम स्प्रिंग्जचे घर विकले. १९५३ मध्ये त्याने आणखी एक गोष्ट केली. वॉल्ट डिस्ने हे स्वतःचे नाव त्याने आपल्या खासगी कंपनीमार्फत स्टुडिओला रीतसर करार करून वापरायला दिले आणि त्याचा मोबदला घेऊ लागला. सख्ख्या भावाशी त्यावरून वाजले. ज्याने एकदा ससा गमावला, त्याने स्वतःच्या नावाचाही भाडेकरार करून ठेवला.

उद्यानाचा खर्च सुमारे एक कोटी सत्तर लाख डॉलरवर गेला. एवढा पैसा एकट्याच्या कुवतीबाहेरचा होता. एबीसी या दूरचित्रवाणी कंपनीने १९५४ मध्ये पाच लाख रोख दिले आणि पंचेचाळीस लाखांच्या कर्जाला हमी दिली. त्याबदल्यात उद्यानाचा तिसऱ्या हिश्शाहून थोडा अधिक वाटा आणि दर आठवड्याचा कार्यक्रम घेतला. १९६० मध्ये तो वाटा पंचाहत्तर लाख डॉलर मोजून डिस्नेने सोडवून घेतला. गहाण टाकलेला दागिना सोडवतात तसा.

कॅलिफोर्नियात अ‍ॅनाहाइमच्या संत्र्यांच्या बागा तोडून केलेले डिस्नेलँड १७ जुलै १९५५ रोजी उघडले. उद्यान झाले, पण हॉटेलाला पैसे उरले नव्हते. म्हणून जॅक रॅदर या दूरचित्रवाणी निर्मात्याला शेजारी हॉटेल बांधण्याचा हक्क दिला गेला, आणि नावही वापरायला दिले. त्याच ऑक्टोबरात डिस्नेलँड हॉटेल सुरू झाले. पाहुणा समजे की आपण डिस्नेकडे उतरलो आहोत, प्रत्यक्षात गल्ला रॅदरचा. ते हॉटेल कंपनीच्या ताब्यात यायला १९८८ साल उजाडावे लागले. आणि उद्यानाभोवती इतरांची मोटेले, खाणावळी, दुकाने यांची जी दाटी झाली तिचा तर वॉल्टला उबगच आला. माणसे त्याच्यामुळे येत, मुक्काम मात्र दुसऱ्याकडे करीत.

फ्लोरिडात त्याने ही चूक सुधारली. वेगवेगळ्या नावांच्या कंपन्या पुढे करून, भाव चढू नये म्हणून गुपचूप, सुमारे २७ हजार एकर जमीन खरेदी झाली. कुलाब्यापासून शीव-माहीमपर्यंतची जुनी मुंबई जेवढी भरेल, त्याच्या साधारण दीडपट. नोव्हेंबर १९६५ मध्ये बेत जाहीर झाला. आता पाहुण्याचा मुक्कामही आपल्याच अंगणात होणार होता. पण १५ डिसेंबर १९६६ रोजी, पासष्टाव्या वाढदिवसानंतर दहा दिवसांनी, फुप्फुसाच्या कर्करोगाने वॉल्ट गेला. निवृत्तीला टेकलेल्या रॉयने काम अंगावर घेतले. १ ऑक्टोबर १९७१ रोजी उद्यान आणि त्याबरोबर हॉटेले उघडली. त्या जागेच्या नावात डिस्नेच्या आधी वॉल्ट असलेच पाहिजे, असा त्याचा आग्रह होता. एकेकाळी ज्याच्या नावावर वर्तमानपत्रांची लाईन होती, त्या थोरल्याने शेवटी धाकट्याचे नाव कागदावर चढवले, आणि त्याच डिसेंबरात तोही गेला.

पॉइंट्सची योजना १९९१ साली आली. इथे सभासद वर्षाचा आठवडा विकत घेत नाही. तो एका संकुलातला मुदतीचा हिस्सा घेतो आणि दरवर्षी त्याच्या खात्यात पॉइंट्स जमा होतात. पहिल्या संकुलाची मूळ मुदत २०४२ साली संपते. म्हणजे मालकीसुद्धा घड्याळ लावलेली. उरलेले पॉइंट्स पुढच्या वर्षी टाकता येतात, पुढच्या वर्षीचे आधी उचलता येतात. देखभालीचा वार्षिक खर्च चुकत नाही. आपल्या संकुलात अकरा महिने आधी आणि इतरत्र सात महिने आधी जागा धरता येते. या खात्यातून जो पॉइंट्स भाड्याने घेतो, त्याच्यासाठी जागा धरतो तो सभासद. पाहुणा म्हणून आपले नाव लिहिले जाते, पण तारीख बदलणे, आरक्षण रद्द करणे सभासदाच्याच हाती. आपले पैसे बहुधा परत न मिळणारे. आपल्या भाषेत सांगायचे तर आपण पोटभाडेकरू. घरमालकाशी आपली ओळखच नाही.

२०२० मध्ये आम्ही हे पोटभाडे भरले होते. तेव्हाही एप्रिलच होता, नात सहा वर्षांची. मुलाने एका सभासदाकडून पॉइंट्स घेतले होते. स्वयंपाकघर आणि कपडे धुण्याचे यंत्र असलेली दोन खोल्यांची जागा; हिला वरणभाताची सोय झाल्याचा केवढा आनंद. मार्चच्या मध्यावर उद्याने बंद झाली, पाठोपाठ आपल्याकडची विमाने. ज्यांनी सरळ हॉटेलात खोली घेतली होती, त्यांचे पैसे परत आले. आमच्या सभासदाने सांगितले की, पॉइंट्स त्याच वर्षी वापरले नाहीत तर बुडतील, पावसाळ्यानंतर या. आम्ही इथे घरात कोंडलेले, येणार कसे? त्याचीही बाजू अगदी खोटी नव्हती. देखभालीचे पैसे त्याने भरलेले होते. पण पैसे त्याच्याकडे राहिले आणि आम्ही घरी. नातीने तेव्हा शिवून घेतलेला पिवळा झगा पुढच्या वर्षी तिला होईना.

मुदत संपल्यावर मी मुलाला जे सांगितले ते असे. पॉइंट्स भाड्याने घेण्यात गैर काही नाही. जे तिथेच राहतात, ज्यांच्या तारखा पक्क्या आहेत, ज्यांची मोठी पंगत आहे आणि घरी रांधायचे आहे, त्यांनी जरूर घ्यावेत. मात्र आरक्षणाची खातरजमा करून आणि सगळे पैसे एकदम न देता. तेवढ्या पैशांत हॉटेल तशी ऐसपैस जागा देणार नाही. पण ही जी स्वस्ताई आहे, ती म्हणजे त्या सभासदाची जोखीम आपण अंगावर घेतल्याची मजुरी. ती मजुरी घेण्याआधी आपल्या घरात काय काय बिघडू शकते याची यादी करावी. आमची यादी मोठी निघाली. माझे वय अडुसष्ट, हिचा गुडघा, व्हिसा, दोन विमाने. सरळ खोली घेतली तर काही दिवस आधीपर्यंत ती सोडून पैसे परत मिळतात. आमच्यासारख्यांना ही सोय भावातल्या फरकाइतकी मोलाची आहे.

मुलगा म्हणाला, मग सहा रात्रींऐवजी चारच परवडतील. मी म्हटले, चार पुरेत.

परवा आरक्षणाचा कागद आला. मी तो छापून घेतला आणि बँकेच्या सवयीने आधी वरची ओळ वाचली. नाव मुलाचे होते, त्याखाली आम्हा सगळ्यांची. नात आता बारा वर्षांची होईल. राजकन्यांत तिला रस उरला आहे की नाही, फोनवर विचारायचे धाडस मला झाले नाही. हिने मात्र एकच चौकशी केली. खोलीत शेगडी आहे का? नाही म्हटल्यावर ती मेतकुटासाठी डाळी भाजायला उठली.