पोर्टसीचे गुरू : पर्सी सेरुटी

मल्लेश्वरमच्या सँकी तलावाकाठी पहाटे फिरणाऱ्या आपल्या मंडळींना, विशेषतः निवृत्तीकडे झुकलेल्या सरकारी नोकरांना, ऑस्ट्रेलियाच्या पर्सी सेरुटी यांचे चरित्र जवळचे वाटेल. १८९५ साली मेलबर्न येथे जन्मलेले सेरुटी तरुणपणी मैलाच्या शर्यती धावत. पुढे टपाल खात्यातील टेलिफोनच्या कामात धावणे सुटले. १९३९ मध्ये प्रकृती पार ढासळली आणि दीर्घ रजा घ्यावी लागली. चालणे, साधा आहार व वाचन यांच्या बळावर ते सावरले आणि पन्नाशी उलटल्यावर मॅरेथॉन धावले.

मग पोर्टसीच्या समुद्रकाठी त्यांनी तरुण धावपटूंना शिकविण्यास आरंभ केला. शिष्यांना वाळूच्या उंच टेकडीवर पिटाळताना ते स्वतःही धावत. स्वभाव तापट असल्याने काही शिष्य दुरावलेही. परंतु १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये हर्ब इलियट यांनी १५०० मीटरची शर्यत ३ मिनिटे ३५.६ सेकंदांच्या जागतिक विक्रमासह जिंकली, तेव्हा ६५ वर्षांचे गुरू कडेला उभे राहून टॉवेल हलवीत त्यांना इशारा देत होते.

१९७५ मध्ये पोर्टसी येथेच त्यांचे निधन झाले. आजारातून स्वतःसाठी परत मिळविलेले बळ त्यांनी पुढील पिढीच्या पायांत घातले, हीच त्यांची खरी कमाई होय.