विश्लेषण : खोट्या साक्षीच्या ठपक्यातून लोकमान्य टिळक कसे सुटले? अपिलात नेमके काय तपासले जाते?

लोकमान्य टिळक म्हटले की राजद्रोहाचे खटले आठवतात. पण त्यांना १४ वर्षे कोर्टाच्या पायऱ्या चढायला लावल्या त्या ताई महाराज प्रकरणाने. त्यात पणाला लागला होता टिळकांचा खरेपणा.

प्रकरण काय होते?

पुण्याचे सरदार बाबा महाराज ऑगस्ट १८९७ मध्ये वारले. मृत्युपत्रात त्यांनी टिळकांना विश्वस्त नेमले होते. टिळक तेव्हा राजद्रोहाच्या खटल्यात जामिनावर होते. पुढे तुरुंगवास भोगून आल्यावर १८७९ च्या या एलएलबीने मित्राची इस्टेट सावरायला घेतली. जून १९०१ मध्ये बाबा महाराजांच्या तरुण विधवा ताई महाराज यांनी औरंगाबादेत जगन्नाथला दत्तक घेतले, असे टिळकांचे म्हणणे होते. ताई महाराजांनी ते नाकारले आणि दोन महिन्यांत दुसराच मुलगा दत्तक घेतला. उलट टिळकांवरच खोट्या साक्षीचा खटला झाला.

शिक्षा १८ महिन्यांवरून शून्यावर

ऑगस्ट १९०३ मध्ये विशेष दंडाधिकाऱ्यांनी १८ महिन्यांची सक्तमजुरी सुनावली. जानेवारी १९०४ मध्ये सत्र न्यायाधीशांनी दोष कायम ठेवून शिक्षा ६ महिन्यांवर आणली. दोनच महिन्यांनी मुख्य न्यायमूर्ती लॉरेन्स जेन्किन्स यांच्या खंडपीठाने ती रद्द केली.

मग वाद का संपला नाही?

कारण दत्तकाचा दिवाणी दावा वेगळा होता. १९०६ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने टिळकांच्या बाजूने कौल दिला. १९१० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो फिरवला. टिळक तेव्हा मंडालेच्या तुरुंगात होते.

उच्च न्यायालयाची चूक कोणती?

अपिलात सहसा साक्षीदार पुन्हा उभे राहत नाहीत. न्यायमूर्तींपुढे असतात जबान्या, दस्तऐवज आणि खालचा निकाल. साक्षीदार कुठे अडखळला, हे फक्त खालच्या न्यायाधीशाने पाहिलेले असते. त्याने विश्वास ठेवलेल्या साक्षीदाराला नुसत्या कागदांवरून खोटे ठरवायला म्हणूनच भक्कम कारण लागते. इथे टिळकांच्या बाजूचे साक्षीदार कागदपत्रांच्या आधारे अविश्वसनीय ठरवले गेले; पण उलटतपासणीत ती कागदपत्रे दाखवून त्यांना खुलासा विचारलाच नव्हता.

लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने १९१५ मध्ये नेमके यावरच बोट ठेवले आणि पुण्याचा निकाल पुन्हा कायम केला. साक्षीदाराला खुलाशाची संधी द्यायलाच हवी, या मुद्द्यावर भारतीय न्यायालयांत आजही या निकालाचा दाखला दिला जातो.

पुढच्याच वर्षी भाषणांवरून पुण्याच्या दंडाधिकाऱ्यांनी टिळकांकडे २० हजारांचा जातमुचलका मागितला. उच्च न्यायालयात त्यांची बाजू मांडली बॅरिस्टर जिनांनी. सुटी वाक्ये न उचलता भाषणे सलग वाचून न्यायमूर्तींनी तो आदेश नोव्हेंबर १९१६ मध्ये रद्द केला. त्यानंतर चार वर्षांनी, १ ऑगस्ट १९२० रोजी, टिळकांचे मुंबईत निधन झाले.