आकाशमार्गाचे टपाल

अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर उभे राहिले, म्हणजे समोर समुद्रातील जुना किल्ला दिसतो. मुंबईचा जुहू विमानतळ येथून दक्षिणेस, सरळ रेषेत सुमारे 40 किलोमीटरांवर आहे. नकाशावर अहमदाबादपासून जुहूपर्यंत रेषा ओढली, तर ती अर्नाळ्याजवळूनच जाते. याच दिशेने 1932 साली जहांगीर रतनजी दादाभाई टाटा हे तरुण वैमानिक टपालाच्या थैल्या घेऊन मुंबईस आले.

जे. आर. डी. टाटा यांचा जन्म 29 जुलै 1904 रोजी पॅरिस येथे झाला. उड्डाणाची ओढ त्यांना लहानपणीच लागली. फेब्रुवारी 1929 मध्ये त्यांना वैमानिकाचा परवाना मिळाला. भारतात दिला गेलेला तो पहिलाच परवाना होय. पुढे भारत व इंग्लंड यांमधील अंतर एकट्याने उडून पार करणाऱ्या भारतीयासाठी आगाखान यांनी पारितोषिक ठेवले. टाटा कराचीहून निघाले. अस्पी इंजिनिअर इंग्लंडहून निघाले. वाटेत इजिप्तमध्ये दोघांची गाठ पडली. एका स्पार्क प्लगवाचून अस्पींचे विमान अडून पडले होते. टाटांनी आपल्याजवळचा जादा प्लग या प्रतिस्पर्ध्याला देऊन टाकला. पारितोषिक अस्पींना मिळाले; टाटांचे ते थोडक्यात हुकले.

त्या काळी लंडनहून विमानाने आलेले टपाल कराचीस उतरे आणि आगगाडीने मुंबईकडे येई. तेही विमानाने आणावे, असे टाटांनी योजिले. कराची ते अहमदाबाद सुमारे 600 आणि तेथून जुहू सुमारे 440 किलोमीटर. 15 ऑक्टोबर 1932 रोजी सकाळी साडेसहाच्या सुमारास ते 'पुस मॉथ' नावाच्या लहानशा विमानातून एकटेच निघाले. विमानात रेडिओ नव्हता. अहमदाबादेस पेट्रोलचे डबे बैलगाडीतून आले. दुपारी दोनच्या आत विमान जुहूस उतरले. तेथून नेव्हिल व्हिन्सेंट यांनी टपाल बेल्लारीमार्गे मद्रासला नेले.

मुलांनो, आता हिशेब करा. विमानाचा वेग ताशी सुमारे 160 किलोमीटर होता. एकंदर 1,040 किलोमीटरांस साडेसहा तास लागतात. त्यात थांब्याचा वेळ मिळविला, की मेळ बसतो. अर्नाळ्यापासून जुहूस जाण्यास त्या विमानाला पाव तास पुरला असता.

जुहूचे मैदान पावसाळ्यात जलमय होई. अशा वेळी विमाने पुण्यास उतरवीत; परंतु टपाल वेळेवर पोहोचलेच पाहिजे, असा टाटांचा कटाक्ष असे. याच लहानशा सेवेतून 1946 साली एअर इंडिया उभी राहिली. 1982 साली, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, टाटांनी कराची ते मुंबई हे उड्डाण पुन्हा एकट्याने केले. 29 नोव्हेंबर 1993 रोजी त्यांचे निधन झाले.

अहमदाबाद-मुंबई प्रवासास आज विमानाला सुमारे सव्वा तास लागतो. अंतर पूर्वी होते तेवढेच आहे. वेळ मात्र उणावला आहे. तो उणावण्याचा आरंभ ज्यांनी केला, त्यांना स्वतः पुढे जाण्याच्या घाईतही वाटेत अडलेल्या माणसासाठी थांबता येत होते.