निर्मिकाची लेकरे

ईश्वर एक आहे, असे म्हणणे सोपे आहे. संतांनी ते सांगितले, पंडितांनी ग्रंथांत लिहिले आणि भाविकांनी ऐकून माना डोलावल्या. परंतु ईश्वर जर खरोखरच एक असेल, तर माणसांनी एकमेकांशी कसे वागावे? हा प्रश्न स्वतःला विचारून त्याचे उत्तर आचरणाने देणारे थोर पुरुष म्हणजे महात्मा जोतीराव फुले.

जोतीरावांचा जन्म १८२७ साली एका माळी कुटुंबात झाला. पुण्यातील मिशनच्या शाळेत त्यांनी इंग्रजी शिक्षण घेतले. तरुणपणी ते एका ब्राह्मण मित्राच्या लग्नाच्या वरातीत गेले असता, केवळ जातीमुळे त्यांचा अपमान झाला. तो घाव त्यांच्या जिव्हारी लागला. सर्वांना निर्माण करणारा एकच असताना एक उच्च व दुसरा नीच कसा, या विचाराने त्यांच्या मनात घर केले.

१८४८ साली त्यांनी पुण्यात मुलींसाठी शाळा काढली. पत्नी सावित्रीबाई तेथे शिकवू लागल्या. लोकक्षोभ इतका वाढला की, त्या दांपत्याला वडिलांचे घर सोडावे लागले. पण हाती घेतलेले कार्य त्यांनी सोडले नाही. त्या काळी अस्पृश्य मानलेल्या लोकांना सार्वजनिक पाणवठ्यावर पाणी भरता येत नसे. १८६८ साली जोतीरावांनी आपल्या घरचा हौद त्यांच्यासाठी खुला केला.

२४ सप्टेंबर १८७३ रोजी त्यांनी सत्यशोधक समाजाची स्थापना केली. सृष्टीच्या कर्त्याला ते 'निर्मिक' म्हणत. निर्मिक एकच आहे, सर्व माणसे त्याची लेकरे आहेत आणि लेकराला पित्याजवळ जाण्यासाठी मध्यस्थ लागत नाही, ही त्यांची शिकवण होती. म्हणूनच सत्यशोधक पद्धतीची लग्ने भटजीवाचून होऊ लागली. त्यांचा विरोध जन्मावरून ठरणाऱ्या उच्चनीचतेला होता; कोणत्याही जातीच्या माणसाचा त्यांना दुस्वास नव्हता. पुढच्याच वर्षी त्यांनी एका ब्राह्मण विधवेच्या मुलाला दत्तक घेतले. हाच यशवंत पुढे डॉक्टर झाला.

१८८८ साली जोतीरावांना पक्षाघात झाला. उजवा हात लुळा पडला, तेव्हा त्यांनी डाव्या हाताने लिहिण्यास प्रारंभ केला आणि 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक' पूर्ण केले. त्यात त्यांनी एका आदर्श कुटुंबाची कल्पना मांडली आहे. त्या घरातील पत्नीने बौद्ध धर्म स्वीकारावा, पतीने ख्रिस्ती व्हावे, कन्येने इस्लामचा अंगीकार करावा आणि पुत्राने सत्यधर्म पाळावा. तरीही कोणी कोणाच्या धर्माचा हेवा करू नये, सर्वांनी एकाच निर्मिकाची लेकरे म्हणून प्रेमाने एका घरात नांदावे, असे त्यांना वाटे. एकेश्वराची श्रद्धा म्हणजे सर्वांना एकाच पंथात ओढणे, असा अर्थ त्यांनी कधीच केला नाही.

२८ नोव्हेंबर १८९० रोजी त्यांचे निधन झाले. ते पुस्तक १८९१ साली प्रसिद्ध झाले. ज्याने आपला हौद शेजाऱ्यासाठी खुला केला, त्याने ईश्वर एक आहे हे खऱ्या अर्थाने मानले. जोतीरावांची ही कसोटी आजही प्रत्येक श्रद्धावंताला लागू पडते.