आपल्यातलाच एक इंजिनिअर

गेल्या सेमिस्टरला रूमवर तीन पत्ती खेळताना पहिल्याच रात्री मी तीनशे रुपये जिंकलो. महिनाअखेर मेसचे पैसे गेले. वडिलांना फोनवर काय थाप मारली ते इथे लिहीत नाही. त्याच सुट्टीत दोस्तोव्हस्कीचं चरित्र वाचलं आणि वाटलं, अरे, हा तर आपल्यातलाच!

फ्योदोर दोस्तोव्हस्की, जन्म १८२१, मॉस्को. सेंट पीटर्सबर्गच्या लष्करी इंजिनिअरिंग कॉलेजात शिकला, पण नोकरी लवकरच सोडून लेखक झाला. १८४९ मध्ये अटक, मृत्युदंड, ऐनवेळी माफी आणि सैबेरियात चार वर्षं सक्तमजुरी. एवढं सोसलेला हा माणूस १८६३ मध्ये जर्मनीतल्या वीसबाडेनला रूलेट खेळला आणि सुरुवातीलाच मोठी रक्कम जिंकला. घात झाला तो तिथेच.

का? १९९०च्या दशकात वोल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांवर प्रयोग केले. फळाचा रस अचानक मिळाला की मेंदूतल्या डोपामिनच्या पेशी जोरात चेतायच्या. रस येणार हे खुणेवरून कळू लागलं की खुणेलाच चेतायच्या, रसाला नाही. ठरलेला रस चुकला की गप्प. म्हणजे अपेक्षा आणि हाती आलेलं यांतली एरर त्या मोजतात. शिकून झालं की एरर शून्य! पण रूलेटचा पुढचा आकडा कधीच कळत नाही. एरर शून्य होत नाही, आणि आशाही सुटत नाही.

डोकं थंड ठेवलं की जिंकता येतं, अशी त्याची पक्की समजूत होती. १८६६ मध्ये 'द गॅम्बलर' ही कादंबरी त्याने २६ दिवसांत स्टेनोग्राफर अ‍ॅनाला तोंडी सांगून पुरी केली. जुगाऱ्याचं मन त्यात नेमकं पकडलंय. पुढच्याच वर्षी अ‍ॅनाशी लग्न केलं आणि बाडेन-बाडेनला तिचेच दागिने गहाण टाकून खेळला. कळणं वेगळं, सुटणं वेगळं.

१८७१ मध्ये वीसबाडेनला तो शेवटचं हरला. १८८१ मध्ये वारला, तोवर पुन्हा खेळला नाही. १८७३ पासून त्याची पुस्तकं छापून विकायचा व्याप अ‍ॅनाने सांभाळला.

आमचा पत्त्यांचा कॅट सध्या रूममेटच्या ट्रंकेत आहे, किल्ली त्याच्याकडे. वडिलांना खरं सांगणं बाकी आहे. हा अंक घरी जायच्या आत सांगायला हवं.